मरीन टँकमधल्या माशाला पॅरासाईट लागलाय? ओळखायचं कसं आणि करायचं काय, नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, सिक्लिड पाळून मग मरीनकडे वळलेले बरेच जण माशावर पांढरे ठिपके दिसले की सवयीने दोन गोष्टी करतात, हीटर ३० वर नेतात आणि दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणून टँकमध्ये ओततात. गोड्या पाण्यात हे बऱ्याचदा चालून जातं. मरीनमध्ये नाही चालत, कारण ठिपके सारखे दिसले तरी जीव वेगळा आहे. गोड्या पाण्यात असतो तो इक्थिओफ्थिरियस आणि खाऱ्या पाण्यातला क्रिप्टोकॅरियन इरिटन्स, ज्याला आपण मरीन इक किंवा नुसतं व्हाईट स्पॉट म्हणतो. हा तापमान वाढवून मरत नाही, उलट पाणी गरम झालं की त्याचं चक्र जोरात फिरतं आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणजे ज्या माशाचे कल्ले आधीच खराब झालेत त्याचे अजून हाल.

ज्यांचा पहिलाच मरीन टँक आहे, दोन क्लाऊन आणि एखादा टँग आहे आणि आज सकाळपासून काहीतरी बिनसलंय असं वाटतंय, त्यांनी इथून सरळ वाचत जा, आणि कुठलीही बाटली उघडायच्या आधी पूर्ण वाचा.

पायरी १: श्वास बघा, ठिपके नंतर

टँकपासून चार-पाच फूट लांब बसा, लाईट मंद करा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. काचेजवळ गेलात की मासा एकतर खायला मिळेल म्हणून पुढे येतो नाहीतर दगडामागे लपतो आणि दोन्हीमध्ये तुम्हाला खरं काही कळत नाही. बघायचं काय, तर कल्ल्याचं झाकण मिनिटाला किती वेळा उघडतंय. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा असतो, म्हणून मासा ठणठणीत असतानाच एकदा मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवलेला बरा. लिहिला नसेल तर टँकमधल्या बाकीच्या माशांशी ताडून बघा. शांत एका जागी थांबलेला मासा जर मिनिटाला शंभराच्या वर श्वास घेत असेल, तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, तर अंगावर एकही ठिपका नसला तरी ते गंभीर समजायचं.

श्वासाबरोबर अजून चार गोष्टी बघून घ्या. खातोय का, की तोंडात घेऊन थुंकतोय. दगडावर किंवा वाळूवर अंग घासतोय का. वेव्हमेकरच्या समोर प्रवाहात तोंड करून उभा राहतोय का. उजेड टाळतोय का. ही शेवटची दोन लक्षणं एकत्र दिसली तर मला लगेच वेल्वेट नावाच्या जीवघेण्या पॅरासाईटची शंका येते, आणि वेल्वेट असेल तर उद्या बघू म्हणायला वेळ नसतो.

आणि हो, त्याच वेळी अमोनिया, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा), तापमान टेस्ट करून घ्या. अमोनिया वाढला तरी मासा धापाच टाकतो, आणि कितीतरी वेळा लोक पाण्याच्या प्रॉब्लेमवर औषध देत बसतात.

पायरी २: कोण आहे ते ओळखा

मरीन इक. मीठ शिंपडल्यासारखे सुटे सुटे ठिपके, साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे, मोजता येतील असे. पारदर्शक परांवर सगळ्यात आधी दिसतात, कारण तिथे मागे रंग नसतो. हे ठिपके येतात, तीन ते सात दिवस राहतात आणि मग एका सकाळी गायब होतात, आणि इथेच सगळे फसतात. मासा बरा झालेला नसतो. किडा पोट भरून खाली उतरलेला असतो, आता तो दगडावर, काचेवर, वाळूत चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. मग दोन आठवड्यांनी ठिपके परत येतात, या वेळी दुप्पट-तिप्पट. मधल्या काळात ज्याने लसूण दिला तो म्हणतो लसणाने बरा झाला, ज्याने रीफ सेफ म्हणून विकलेली बाटली टाकली तो म्हणतो बाटलीने. दोन्हीने नाही, ते आपोआपच पडणार होते.

वेल्वेट, म्हणजे अमायलोओडिनियम ऑसेलेटम. हा सगळ्यात वाईट. याचे ठिपके इतके बारीक की सुटे दिसत नाहीत, अंगावर धूळ बसल्यासारखी चमक दिसते, तीही अंधारात टॉर्च तिरका धरला तर. पण बहुतेक वेळा तो आधी कल्ल्यात शिरतो आणि धूळ दिसायच्या आतच मासा मरतो. सकाळी एक गेला, संध्याकाळी दोन गेले, अंगावर काहीच नव्हतं, पाणी तर एकदम परफेक्ट होतं, असं कोणी सांगितलं की माझा पहिला अंदाज वेल्वेटचाच असतो. एक किडा फुटून २५६ पर्यंत पोहणारी पिल्लं सोडू शकतो आणि आपल्याकडच्या २७-२८ डिग्रीच्या पाण्यात पूर्ण चक्र आठवड्याच्या आत होतं.

ब्रूकलिनेला. क्लाऊनफिश घेतलाय, आणल्यानंतर दोन-चार दिवसात अंगावर दुधी रंगाचे चिकट पट्टे, कातडी सोलल्यासारखी लोंबतेय, तर हाच. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनमध्ये जास्त दिसतो. आता आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) विकसित केलेल्या हॅचरी पद्धतीमुळे भारतातच पैदास केलेले क्लाऊन मिळतात, शक्य असेल तर तेच घ्या, पण दुकानात ते जंगली माशांच्याच पाण्यात ठेवलेले असतील तर पैदास कुठली याने फार फरक पडत नाही.

फ्लूक म्हणजे चपटे कृमी. मासा मान झटकतो, जांभई दिल्यासारखं तोंड वासतो, एका बाजूचा कल्ला बंद ठेवून श्वास घेतो, डोळे धुरकट होतात. कृमी पारदर्शक असल्याने अंगावर असूनही दिसत नाही.

युरोनेमा हा पॅरासाईट बहुतेक करून क्रोमिस माशांवर, बाजूला लाल जखम, ओरखडल्यासारखी. पिवळ्या टँगवर काळे ठिपके दिसले तर तोही एक चपटा कृमीच, इकच्या मानाने सौम्य, फ्लूकचंच औषध चालतं. आणि परांच्या कडेला फुलकोबीसारखी पांढरी गाठ असेल तर तो लिम्फोसिस्टिस, व्हायरस आहे, पॅरासाईट नाही, त्याला काही औषध द्यायचं नाही, पाणी आणि खाणं चांगलं ठेवा, बहुतेक वेळा आपोआप जातं.

ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांनी शाळेच्या लॅबमध्ये असतो तसला साधा मायक्रोस्कोप घ्यावा, १०० पट मोठं दिसलं तरी पुरतं. नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा छोटा तुकडा किंवा अंगावरचा चिकट स्राव काचपट्टीवर घ्या, टँकच्याच पाण्याचा एक थेंब टाका आणि लगेच बघा, वेळ गेला की किडे सुटून जातात. इक गोल, मोठा, सावकाश गिरक्या घेणारा. वेल्वेट तपकिरी, पेअरच्या आकाराचा, कल्ल्याला चिकटून स्थिर बसलेला. ब्रूकलिनेला घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा आणि सतत धावत असतो. एकदा पाहिलंत की परत चुकत नाही.

पायरी ३: औषध नेमकं कधी लागू पडतं ते समजून घ्या

हे कळलं नाही तर पुढचे सगळे आकडे उगाच पाठ केल्यासारखे होतील, म्हणून जरा थांबून वाचा. इकचे टप्पे असे. माशाच्या कातडीखाली बसलेला असतो तेव्हा औषध पोचत नाही. खाली उतरून कवचात गेला की तेव्हाही पोचत नाही. कवच फुटून पोहणारी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना एक-दोन दिवसात मासा शोधावाच लागतो, फक्त त्या टप्प्यावर ती उघडी असतात आणि कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, त्यांना तिथेच मारतं. वेल्वेटचंही साधारण असंच.

म्हणजे औषध एक दिवस टाकून काही होत नाही. पाण्यात औषधाची पातळी सलग इतके दिवस राहिली पाहिजे की माशावरचे सगळे उतरून जातील आणि नवीन एकही चढणार नाही. मधे एक दिवस पातळी खाली गेली तर त्या दिवशी निघालेली पिल्लं माशावर चढली, मोजणी परत पहिल्या दिवसापासून. कवचातला टप्पा किती लांबतो, तर बहुतेक तीन ते अठ्ठावीस दिवस, पण १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात ७२ दिवसांनी पिल्लं निघाल्याची नोंद आहे. ७६ दिवस टँक रिकामा ठेवा असं जे सगळे सांगतात ते इथून आलंय.

पायरी ४: हॉस्पिटल टँक लावा

मुख्य टँकमध्ये कॉपर टाकायचं नाही, कधीच नाही. कोळंबी, गोगलगाई, कोरल, ॲनिमोन सगळे मरतात, आणि लाईव्ह रॉक व वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे पातळी टिकतही नाही. सगळे मासे, म्हणजे एकूण एक, बाहेर काढून वेगळ्या टँकमध्ये उपचार करायचे. फक्त ठिपके दिसणाराच नाही, बाकीच्यांना लागण झालेलीच असते.

लहान माशांना दोन फुटी साधा काचेचा टँक पुरतो, टँग असेल तर तीन फुटी घ्या. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, नवीन घ्या आणि धुवून टाका. हीटर, थर्मामीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर, वर जाळी किंवा झाकण कारण घाबरलेला मासा उडी मारतो. टँक भरताना मापाच्या बादलीने भरा, किती लिटर गेलं ते लिहा आणि बाहेरून मार्करने पाण्याची रेघ मारा. पाणी उडून रेघेच्या खाली गेलं तर भर घालायची ती नुसत्या आरओ पाण्याची, मीठ उडत नाही.

यात सगळ्यात जास्त मासे कशाने मरतात माहितीये? औषधाने नाही, अमोनियाने. नवीन टँक, बॅक्टेरिया नाहीत, त्यात चार मासे आणि वरून घाबरून जास्त खाणं टाकलेलं. म्हणून एक स्पंज फिल्टर कायम सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) चालू ठेवा, एक महिना तिथे राहिला की तो तयार असतो, गरज पडली की उचलून इकडे लावायचा. (टँकमध्ये आधीच रोग असेल तर त्या स्पंजवर कवचं असणारच, पण कॉपरमध्ये ठेवल्यावर त्यातून निघणारी पिल्लं मरतात, त्यामुळे कॉपरसाठी चालतो. पुढे दिलेल्या टबच्या पद्धतीसाठी अजिबात नाही.) स्पंज तयार नसेल तर बाटलीतले बॅक्टेरिया आणि रोज पाणी बदलणे. रोज टेस्ट करा. आणि अमोनिया बसवणारी जी लिक्विडं मिळतात त्यातली बरीचशी कॉपरबरोबर वापरली तर कॉपर जास्त विषारी होतं, म्हणून कॉपर चालू असताना ती टाकायची नाहीत, पाणीच बदलायचं.

हॉस्पिटल टँक मुख्य टँकपासून निदान दहा फूट लांब ठेवा. वेल्वेट हवेतल्या तुषारांतून दुसऱ्या टँकमध्ये जाऊ शकतो हे प्रयोगात दिसलेलं आहे. जाळी, पाईप, टॉवेल, सगळं वेगळं. हात कोपरापर्यंत धुवून, कोरडे करूनच दुसऱ्या टँकमध्ये घाला.

मासे पकडणं हे वेगळंच प्रकरण आहे, रीफ टँकमध्ये जाळी घेऊन मागे लागलात तर मासा अर्धमेला होतो आणि कोरल तुटतात. त्यापेक्षा रात्री लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा, बरेच मासे ठरलेल्या जागी झोपलेले असतात. नाहीतर पाण्याच्या मोठ्या प्लास्टिक बाटलीचं तोंड कापून उलटं बसवा, आत मायसिस (माशांचं गोठवलेलं खाणं) ठेवा आणि दोन दिवस वाट बघा. पाणी अर्ध्यावर काढून मोठ्या ड्रममध्ये ठेवून पकडणं हा शेवटचा उपाय.

पायरी ५: कॉपर, नीट मोजून

दोन प्रकार मिळतात आणि दोन्हीच्या पातळ्या वेगळ्या. चिलेटेड, म्हणजे कॉपर पॉवरसारखं, ते २.२५ ते २.५ पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) ठेवायचं. दुसरं आयोनिक, क्युप्रामीनसारखं, ते ०.५ पीपीएमवर. एकाची पातळी दुसऱ्याला लावली तर एकतर काहीच होणार नाही नाहीतर सगळे मासे एका रात्रीत जातील. दोन्ही कधी मिसळू नका. नवीन माणसाला मी चिलेटेडच सांगेन, पातळी जास्त स्थिर राहते.

शेतीच्या दुकानात मोरचूद मिळतं, तेही कॉपर सल्फेटच आहे आणि ते स्वस्तात टाकायचा सल्ला अधूनमधून कोणीतरी देतं. द्राक्षाच्या बागेवर फवारायच्या ग्रेडमध्ये बाकी काय काय आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि उपचाराची पातळी व जीवघेणी पातळी यांच्यात आयोनिक कॉपरला फार कमी अंतर असतं. नको.

टेस्टवर मात्र पैसे खर्च करा. रंग जुळवायच्या किटमध्ये २.० आणि २.५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही, हॅनाचा हाय रेंज कॉपर चेकर थेट आकडा दाखवतो. महाग वाटतो पण एका टँगच्या किमतीत येतो आणि कितीतरी टँग वाचवतो.

पहिल्या दिवशी साधारण निम्म्या पातळीवर न्या, मग दोन-तीन दिवसात थोडं थोडं वाढवत पूर्ण पातळीवर. मासा खाणं सोडत असेल तर तिथेच एक दिवस थांबा. वेल्वेट असेल तर मात्र इतकं थांबता येत नाही, चिलेटेड एक-दीड दिवसात पूर्ण पातळीवर न्यावं लागतं. लहान एंजल, रॅस, पफर, लायनफिश हे कॉपरला नाजूक, त्यांना सावकाश. मँडरीनला कॉपर टाळाच.

पूर्ण पातळी आली तो पहिला दिवस. रोज टेस्ट. पाणी बदलताना नवीन पाण्यात आधी तेवढंच कॉपर मिसळून मग टाकायचं, हे विसरलात की पातळी पडते. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कार्बन बंद. सलग १४ दिवस झाले आणि माशावर काहीही नसेल तर त्याला दुसऱ्या, पूर्ण स्वच्छ टँकमध्ये हलवा, कारण मासा साफ झालेला असतो पण जुन्या टँकच्या काचेवर कवचं असू शकतात. दुसरा टँक नसेल तर त्याच टँकमध्ये कॉपर ३० दिवस चालू ठेवा.

क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाबद्दल विचारलं जातं. काम करतं, पण शुद्ध पावडर मिळणं कठीण, मोजायला घरगुती टेस्ट नाही, उजेडात खराब होतं. पहिल्या वेळेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५ ला पर्याय: फक्त इक असेल तर टब बदलत राहा

औषध न वापरता इक घालवायची पद्धत आहे आणि आपल्याकडच्या छोट्या फ्लॅटमध्ये ती खरं तर जास्त सोयीची आहे. २०-२५ लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, प्रत्येकाचा वेगळा एअरस्टोन, वेगळा हीटर, एक पीव्हीसीचा तुकडा, बस. मासा पहिल्या दिवशी टब एकमध्ये. चौथ्या दिवशी टब दोनमध्ये. मग सातव्या, दहाव्या, तेराव्या दिवशी. म्हणजे दर ७२ तासांच्या आत बदल, उशीर अजिबात नाही. का चालतं, तर माशावरचा किडा जास्तीत जास्त आठवड्याभरात खाली उतरतोच, आणि उतरल्यावर कवच फुटायला निदान तीन दिवस लागतात, त्याआधीच मासा दुसरीकडे गेलेला असतो. किडे बहुतेक अंधारात उतरतात म्हणून बदल सकाळी करा. रिकामा झालेला टब आणि सगळं सामान ब्लीचने धुवून उन्हात खडखडीत वाळवायचं. माशाबरोबर जुनं पाणी शक्य तितकं कमी जाऊ द्या. दोन्ही टबचं तापमान आणि सॅलिनिटी सारखी हवी. इथे कॉपर नाही त्यामुळे अमोनियाचं लिक्विड वापरता येतं.

पण हे फक्त इकसाठी. वेल्वेटचा वेग वेगळा, ब्रूकलिनेलाला कवचाचा टप्पाच नाही, त्यामुळे तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. ओळख पटली नसेल तर कॉपरकडेच जा.

तिसरी पद्धत सॅलिनिटी १.००९ (विशिष्ट गुरुत्व) वर नेऊन ३० दिवस ठेवणं. इक आणि बऱ्याचशा फ्लूकवर चालते, वेल्वेटवर नाही, आणि कमी सॅलिनिटीला टिकणारे इकचे प्रकारही सापडलेले आहेत. शिवाय १.०११ झालं की उपयोग संपला, म्हणून चांगला कॅलिब्रेट केलेला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, तरंगणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर नाही. खाली नेताना दोन दिवस, वर आणताना त्याच्या दुप्पट वेळ घ्या.

पायरी ६: तातडीचे प्रसंग

मासा आत्ता धापा टाकतोय आणि वेल्वेटची शंका आहे. हॉस्पिटल टँक तयार होत असताना गोड्या पाण्याची आंघोळ द्या. बादलीत आरओ पाणी, त्यात अर्धा तास जोरात हवा सोडा, तापमान टँकइतकं करा, पीएच ८.२ च्या आसपास यायला चिमूट-चिमूट खायचा सोडा टाकून टेस्ट करत जा. मग मासा पाच मिनिटं त्यात. आडवा होईल, बऱ्याच वेळा होतो, पण डोळे फिरवणं किंवा श्वास बंद झाला तर लगेच बाहेर. यात कल्ल्यावरचे सगळे किडे जात नाहीत, श्वास जरा मोकळा होतो आणि कॉपरला काम करायला वेळ मिळतो, एवढंच.

दुसरा मार्ग हायड्रोजन पेरॉक्साईडचा, लिटरला ७५ मिलिग्रॅम, वेगळ्या बादलीत ३० मिनिटं, भरपूर हवा सोडून. इथे एक गोष्ट जपा, परदेशी लेखांतले आकडे ३ टक्क्याच्या बाटलीचे असतात, त्यात लिटरला २.५ मिली लागतं. आपल्या मेडिकलमध्ये बहुतेक २० व्हॉल्यूम म्हणून जी मिळते ती ६ टक्क्यांची असते, तिचं लिटरला १.२५ मिली. लेबल वाचल्याशिवाय मोजू नका, आणि उघडून बरेच महिने झालेली बाटली वापरू नका. आंघोळीनंतर मासा जुन्या पाण्यात परत नाही, सरळ कॉपरच्या टँकमध्ये.

ब्रूकलिनेला असेल तर कॉपर भरवशाचं नाही, फॉर्मालिन लागतं. ३७ टक्क्यांचं, १० लिटर खाऱ्या पाण्याला १.५ ते २ मिली, ४५ मिनिटं ते एक तास, हवा जोरात चालू. पाणी गरम असेल तर कमी डोसने सुरू करा. बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला तर ती बाटली फेकायची, तो माशाला घातक असतो. आणि हे तुमच्यासाठीही विष आहे, कॅन्सरकारक आहे, हातमोजे, मास्क, खिडक्या उघड्या, पोरं खोलीच्या बाहेर. आंघोळीनंतर प्रत्येक वेळी नवीन स्वच्छ टँक. दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा करावं लागतं. युरोनेमालाही हेच, पण लाल जखम खोल गेलेली असेल तर मासा वाचणं अवघड असतं, हे आधीच सांगतो.

फ्लूकची शंका असेल तर तीच गोड्या पाण्याची पाच मिनिटांची आंघोळ गडद रंगाच्या बादलीत द्या. पारदर्शक कृमी गोड्या पाण्यात पांढरे पडतात आणि तळाला दोन-चार मिलिमीटरचे चपटे तुकडे साचतात, म्हणजे निदान आणि आराम एकदमच. पुढे प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम. अंड्यांवर ते चालत नाही म्हणून सहा-सात दिवसांनी, पाणी बदलून, दुसरा डोस द्यायचाच, लोक नेमका हाच सोडतात. प्राझीमुळे पाण्यात बॅक्टेरिया वाढून ऑक्सिजन झपाट्याने पडतो, एअर पंप दुप्पट करा. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.

पोट आत गेलंय, खातोय पण वाळतोय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, तर पोटातले कृमी किंवा सूक्ष्मजीव. त्याला औषध पाण्यातून नाही, खाण्यात मिसळून द्यावं लागतं, बहुतेक मेट्रोनिडाझोल किंवा प्राझी. डोस माशाच्या खाण्यावर ठरतो, तेव्हा माशांची माहिती असलेला व्हेट मिळाला तर त्याला विचारून द्या.

पायरी ७: मुख्य टँक माशांशिवाय ठेवा

सगळे मासे बाहेर काढले त्या दिवसापासून ७६ दिवस. पाणी २७ डिग्रीच्या आसपास उबदार असेल तर ४५ दिवसांत भागतं असंही आता बरेच अनुभवी लोक मानतात, मी नवीन माणसाला ७६ च सांगतो कारण परत सगळं करायची वेळ आली तर त्याहून जास्त दिवस जातात. एकही मासा आत राहता कामा नये, दगडामागचा तो एक छोटा गोबीसुद्धा नाही, एका माशावर अख्खं चक्र चालू राहतं. कोळंबी, खेकडे, गोगलगाई, कोरल राहू देत, त्यांना हा किडा लागत नाही. त्यांच्यासाठी आणि बॅक्टेरियांसाठी दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाका. या दिवसांत दुकानाच्या पाण्यातून आलेलं काहीही नवीन, कोरलचा तुकडासुद्धा, टाकलंत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, कारण कवच कोरलच्या प्लगवरही बसतं.

काही गोष्टी विकल्या जातात म्हणून सांगतो. लसणाने मासा कदाचित खायला लागेल, किडा मरत नाही. क्लीनर कोळंबी कल्ल्यातला वेल्वेट खाऊ शकत नाही. यूव्ही दिवा पोहणारी पिल्लं कमी करतो, चांगला आहे, पण जेवढं पाणी त्यातून जातं तेवढंच साफ होतं, त्यामुळे तो उपचार नाही. इकमधून वाचलेल्या माशाला काही महिने थोडी प्रतिकारशक्ती येते हे खरं आहे, म्हणून काही टँकमध्ये इक असूनही वर्षभर काही दिसत नाही, आणि मग एक दिवस चिलर बंद पडतो किंवा नवीन टँग येतो आणि सगळं वर येतं. पावडर ब्लू टँग घेणार असाल तर असल्या टँकमध्ये टाकूच नका, त्याला इक सगळ्यात आधी लागतो.

आणि पुढच्या प्रत्येक नवीन माशासाठी हाच हॉस्पिटल टँक क्वारंटाईन म्हणून वापरा, मासा कितीही टवटवीत दिसला तरी. बऱ्याच दुकानांत सगळे टँक एकाच सम्पला जोडलेले असतात आणि पाण्यात थोडं कॉपर असतं, त्यामुळे ठिपके दबलेले राहतात आणि तुमच्या घरी आठवड्याने वर येतात. घेताना दुकानवाल्या दादांना सरळ विचारा, पाण्यात कॉपर आहे का, किती आहे, मासा कधी आला, आणि समोर खाऊन दाखवायला सांगा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच ओतायचं नाही, मासा हाताने किंवा छोट्या डब्याने उचलून घ्या. क्वारंटाईनमध्ये आधी १४ दिवस कॉपर, मग स्वच्छ टँकमध्ये प्राझीचे दोन डोस, मग औषधाशिवाय दोन आठवडे नुसतं निरीक्षण. कोरल आणि गोगलगाईंना कॉपर देता येत नाही, त्यांच्यासाठी एक छोटा टँक वेगळा ठेवा, ज्यात मासा कधीच नसतो, आणि तिथे त्यांचे पूर्ण ७६ दिवस काढून मगच मुख्य टँकमध्ये न्या.